दाराआडची तसबीर

"नळीचं तोंडच सापडेना!" डॉक्टर ऑल्वेराबाई खाटेजवळ येऊन म्हणाल्या. "दुर्बीण मूत्राशयापर्यंत गेली, पण पुढे वाट कुठे? सहा वर्षांपूर्वी मूत्रनळी कापून नव्या जागी जोडलीय. ती जागा कळली तर लेझरनं मूतखडा फोडते. नाहीतर परवा पोट उघडायचं."

याडिरानं खाटेवरच्या पापाचा हात घट्ट धरला. मागच्या वेळी पोट उघडलं, तेव्हा पापा तीन महिने अंथरुणात होता. ते ऑपरेशन करणारे डॉक्टर आता हयात नव्हते आणि कागदपत्रं पुरात गेली होती.

"पोरी, माझी तसबीर!" पापा एकदम ओरडला.

पापा, म्हणजे फिदेन्सिओ, पत्र्यावर नवसाच्या तसबिरी रंगवायचा. ग्वानाह्वातो शहरात कुणी संकटातून वाचलं, की ते संकट रंगवून घ्यायचं आणि मारियामातेच्या चर्चमध्ये टांगायचं. उलटलेला ट्रक, उधळलेला बैल, काहीही! पापानं स्वतःचं उघडं पोट रंगवलं होतं, नळ्यांसकट. नव्या जोडावर लाल ठिपका.

"चित्रकाराच्या ठिपक्यावर भरवसा ठेवू मी?" बाईंनी भुवई उंचावली.

"मारियामातेपुढे मी खोटं रंगवत नाही, बाई. डॉक्टरांनी आकृती काढून दिली होती, ती मापासकट उतरवलीय. फक्त मेणबत्त्यांच्या धुरानं काळी झाली नसली म्हणजे मिळवली."

याडिरा धावत सुटली. चर्चमधल्या समोरच्या भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी काजळून गेल्या होत्या. ती तिकडे वळलीच नाही. अर्ध्या तासात ती पत्रा बगलेत मारून परतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई हसतच बाहेर आल्या. "ठिपका होता तिथंच तोंड! खड्याची पार भुकटी केली. पोटाला एक टाका नाही."

याडिरानं बाईंना मिठीच मारली.

शुद्धीवर आल्यावर पापा उशाशी ठेवलेला पत्रा न्याहाळत राहिला. लाल रंग कालच लावल्यासारखा होता.

"सहा वर्षं धुरात राहून इतका ताजा?"

याडिरानं मान खाली घातली. "धुरात नव्हतीच ती, पापा. मी बारा वर्षांची होते. मैत्रिणी तुझ्या नळ्या बघून खिदळायच्या. मला लाज वाटली, म्हणून मी ती गुपचूप दाराआड टांगली."

पापा इतका हसला, की पोट धरून कण्हायला लागला.

"आई गं! मग लेझरची नवी तसबीरही तिथंच टांग."