शेवटची चांगली प्रत

घास हातात धरून अनंतराव मध्येच थिजले, तेव्हा नलिनीने फोनवर तेच जुने पान उघडले. मेंदूतली स्मृतिचिप अडकली तर घरच्या घरी काय करायचे, ते तिथे सोप्या भाषेत लिहिले होते. कानामागचे बटण दाबून धरा, चिप आठवणींच्या शेवटच्या चांगल्या प्रतीवर परत जाईल.

त्या दोघांचा मुलगा सुमेध वारला, त्याच्या आदल्या दिवशीची ती प्रत होती. त्यानंतर चिपला एकही चांगली प्रत करता आली नव्हती.

तिने बटण दाबले. अनंतरावांनी घास खाल्ला.

“सुमेध आला का गं?”

दर वेळी ती खरे सांगत असे, आणि दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकत.

“निघालाय,” या वेळी ती म्हणाली. “तुम्ही जेवून घ्या.”

फोनवर प्रश्न आला होता: या माहितीचा उपयोग झाला का?

तिने ‘हो’ दाबले आणि त्यांना आमटी वाढली.