तीनचा रकाना

फोन आला तेव्हा तो फॉर्म भरत बसला होता. इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालणाऱ्या बायकांचा तो सुपरवायझर. वर्षाच्या शेवटी प्रत्येकीच्या कामाला एक ते पाच गुण द्यायचे असत. तो सरसकट तीन देत सुटला होता. त्याची बायको त्याच घड्यांच्या टेबलावर कामाला होती. तिलाही तीन देऊन झाले होते. त्या दिवशी तिची सुट्टी होती.

फोनवर मेहुणी होती. "भावोजी, ताई दुकानात उभ्या उभ्या खाली बसली," ती म्हणाली आणि पुढचं तिला बोलता येईना.

डॉक्टर म्हणाले, हृदय बरेच दिवस थकत आलं होतं. आधी काही जाणवलं होतं का? तो नाही म्हणाला.

ती गेल्यावर घर खायला उठायला लागलं तेव्हा तो कामावर परत आला. त्याच आठवड्यात कार्यालयातल्या मॅडमनी सगळ्या सुपरवायझरांना बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर फॉर्मचा गठ्ठा होता. त्याही दमलेल्या दिसत होत्या.

"एवढ्या मोठ्या इस्पितळात एक माणूस हुशार नाही आणि एक कामचुकार नाही," त्या म्हणाल्या. "जो तो तीन. हे जपून ठेवून मी करू काय? फॉर्ममध्ये काय बदलायचं ते आता तुम्हीच सांगा."

बॉयलरवरचा सुपरवायझर तोंडाचा मोकळा. "मॅडम, पाच दिले की माणूस डोक्यावर मिऱ्या वाटतो. दोन दिले की त्याला बोलावा, कारण विचारा, ते खाली लिहा, वर त्याची सही घ्या. नसता उपद्व्याप! तीन दिले की सगळीकडे शांत. आता आमच्या या दोस्ताचंच बघा, सख्ख्या बायकोलासुद्धा त्यानं—"

त्यानं जीभ चावली. कुणी खोकलं.

मग एकजण म्हणाला, अक्षरं मोठी करा. दुसरा म्हणाला, प्रश्न कमी करा. त्याची पाळी आली तेव्हा तो टेबलाकडे बघत म्हणाला, "तीनचा रकाना काढून टाका."

"अरे, मग आम्ही करायचं काय?" बॉयलरवाला म्हणाला. "एक तर चांगलं म्हणा, नाहीतर वाईट म्हणा?"

"हो. म्हणजे माणसाकडे बघावं लागेल."

मॅडमनी ते लिहून घेतलं. पुढे एवढी एकच सूचना मान्य झाली, कारण तिला खर्च काहीच नव्हता. नव्या फॉर्मवर एक, दोन, चार आणि पाच एवढेच आकडे उरले. "सगळ्यांची झोप उडवलीस बाबा," बॉयलरवाला जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून निघून गेला.

टेबलाच्या पार टोकाला मावशी उभी असे. सगळ्यांत जुनी. अलीकडे तिची थप्पी मागे पडत होती. त्यानं तिच्या फॉर्मवर दोनवर खूण केली आणि तिला बोलावलं.

"मावशी, हात मंदावलाय तुमचा. काय होतंय?"

"काय व्हायचंय? वय झालं."

"वय काय एका महिन्यात होतं?"

"दोन दिलेत ना? राहू द्या. टेबलावरून काढू नका म्हणजे झालं. घरात मिळवती मी एकटी आहे, भाऊ."

"काढत नाही. पण कारण लिहावं लागतं."

"मग लिहा काहीतरी. लिहा, म्हातारी आळशी आहे."

त्यानं पेन खाली ठेवलं आणि तो तसाच बसून राहिला. बाहेर धुलाईची मशीनं गरगरत होती. मावशीनं पदराशी चाळा केला, दाराकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. हा काही हलायचा नाही, हे तिला कळून चुकलं.

"डाव्या हाताला मुंग्या येतात," ती शेवटी म्हणाली. "जिना चढला की दम लागतो. घरी बोलले नाही. पोरी उगाच घाबरतात."

तो उठला. "चला."

"कुठं?"

"वर. डॉक्टरांकडे."

"ड्युटी संपली की जाईन ना."

"आत्ता. आणि लिफ्टनं."

लिफ्टमध्ये ती संकोचून कोपऱ्यात उभी राहिली. दार लागल्यावर तिची जीभ सुटली. "एवढं काय बाई! स्वतःच्या बायकोमागं कधी असा ससेमिरा लावला नाहीत. तिला आपले दरवर्षी मुकाट तीन. लोक नावं ठेवतील म्हणून बिचारीचे पाच तुम्ही हातचे राखलेत, आम्हाला काय ठाऊक नाही होय?"

वर नर्सनं मावशीचा हात धरून तिला आत नेलं. मागोमाग डॉक्टर धावल्यासारखे आत गेले. थोड्या वेळानं नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "बरं झालं, आजच आणलंत. घरच्यांना कळवा, मावशींना इथं ठेवून घेतोय."

त्यानं मावशीच्या थोरल्या मुलीला फोन केला. मग तो बाहेरच्या बाकावर बसला.

बायकोचे पाच नव्हतेच. शेवटच्या वर्षी तर तिला दोनच द्यायला हवे होते. तिचा हात मंदावला होता, जिन्यात ती मधेच कठड्याला धरून थांबत होती, आणि हे सगळं त्याला रोज दिसत होतं. दोन दिले असते तर कारण विचारावं लागलं असतं. ते विचारायचं राहून गेलं.