आईचा जबाब

नवऱ्याला सोडून बारा वर्षं झाली, तरी चर्चच्या लेखी ती नर्स त्याचीच बायको होती. लग्न धाकाने लावलं हे सिद्ध झालं, तरच ते मुळात झालंच नाही असं ठरणार होतं. साक्षीदार एकटी आई. ती आजवर कानांवर हात ठेवत आलेली. आज फादरांनी आईच्या जबाबाचा कागद पुढे सरकवला. 'लग्नाच्या सकाळी पोरीने आतून कडी लावली. मी म्हणाले, बाहेर आली नाहीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. वेदीसमोर ती माझ्या भीतीने हो म्हणाली.' याच कबुलीची वाट बघत लेकीने जन्म काढला होता; पण आत काहीच हललं नाही. बाहेर बाकावर आई होती. "सुटशील ना गं?" "सुटेन." "आणि मला माफ करशील?" तिने आईचा हात धरला. सवयीने बोटं मनगटावर गेली. ती ठोके मोजत राहिली.