पेन्सिलची फुली

साहेबांविरुद्धचा अर्ज साहेबांसमोरच शपथेवर सांगायचा होता.

सचिवालयातून तसं पत्रच आलं होतं. ‘मॅजिस्ट्रेटविरुद्धच्या तक्रारीचा विचार होण्यासाठी अर्जदाराने आपल्या हद्दीतील मॅजिस्ट्रेटसमोर शपथपत्र करून पाठवावे.’ हद्दीत मॅजिस्ट्रेट एकच, हे साहेब. मुलगा म्हणाला, "फोर्टात जाऊन दुसऱ्या कुणाची तरी सही घ्या." मार्तंडराव उखडले. तीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस. ‘हद्दीतील’ लिहिलंय म्हणजे हद्दीतील.

म्हणून आज ते कोर्टाच्या बाकावर बसले होते आणि शेजारी शेवंती. ती त्यांच्या मुलुंडच्या घरी धुणंभांडी करायची, राहायची नाहूरला. तिचा नवरा धोंडू दारूबंदीच्या गुन्ह्यात वर्षभरासाठी आत होता. चाळीमागच्या खड्ड्यात पोलिसांना हातभट्टीची दारू भरलेली रबरी ट्यूब सापडली आणि खड्ड्याशेजारी धोंडू सापडला. ट्यूब त्याची नव्हे, असं चाळीतल्या चौघांनी कोर्टात येऊन सांगितलं. शिरस्तेदाराने चौघांच्या जबान्या लिहून घेतल्या. ते बोलत होते तेवढा वेळ साहेब डुलक्या घेत होते. मार्तंडरावांनी शेवंतीच्या नावाने लिहिलेल्या अर्जातलं पहिलं कलम तेच होतं. अशी सात कलमं होती.

तक्रार खरी ठरली तर खटला पुन्हा चालेल, दिवाळीच्या आत धोंडू घरी येईल, असं मार्तंडराव म्हणायचे. शेवंती मान डोलवायची. हल्ली ती भेटीला गेली तरी धोंडू तिच्याशी बोलत नसे. जाळीपलीकडे खाली बघत बसे. का, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"नानानू, सायबान अर्ज वाचल्यान तर?" तिने हळूच विचारलं.

"तर बेअदबी म्हणून दोघांनाही आत टाकेल. टाकू दे. पेपरात तरी येईल."

म्हणाले खरं, पण त्यांच्या धोतराचा सोगा हातातल्या हातात चुरगळला होता. इतकी वर्षं सरळ मार्गाने चाललेल्या माणसाला कोर्टाच्या बाकावर बसणंसुद्धा गुन्ह्यासारखं वाटतं.

अकराचं कोर्ट. साहेब साडेबाराला आले. तोंडात विडा होता, तो चघळत खुर्चीत टेकले. शिरस्तेदाराने कागदांची चळत पुढे ठेवली. प्रत्येक कागदाचं शेवटचं पान वर काढलेलं, सही करायची तिथे पेन्सिलने फुली मारलेली. साहेबांचं पेन फुलीवरून फुलीवर जात होतं.

"शेवंती धोंडू!"

ती पुढे झाली. मार्तंडराव मागे उभे राहिले. शिरस्तेदाराने तिच्या अंगठ्याला शाई लावून ठसा घेतला आणि कागद साहेबांपुढे सरकवला.

"कसलं आहे?" साहेबांनी विचारलं.

"शपथपत्र, साहेब. तक्रारीचं."

"कुणाविरुद्ध?"

शिरस्तेदार पुढच्या कागदावर फुली मारत होता. त्याने मान वर केली नाही.

"असेल कुणीतरी, साहेब."

"उठसूट तक्रारी! दुसरा उद्योग नाही या लोकांना." साहेबांनी पेन उचललं. "काय गं, सगळं खरं आहे ना?"

"होय, सायबानू."

या कोर्टात तिला कुणी काही विचारलं, ते पहिल्यांदाच. उत्तर ऐकायला साहेब थांबले नाहीत. फुलीवर सही झाली, शिक्का पडला, कागद तिच्या हातात आला.

बाहेर पायऱ्यांवर येताच मार्तंडराव हसत सुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"न वाचता! अगं, स्वतःविरुद्धच्या सात कलमांवर स्वतःची सही, न वाचता! आता याच्यापुढे आणखी पुरावा कसला हवा? आजच आठवं कलम लिहितो. बघच तू, धोंडू सुटला म्हणून समज."

शेवंती हसली नाही. ती कागदावरच्या सहीकडे बघत होती. सहीखालून पेन्सिलची फुली अजून दिसत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण फुली ओळखता येत होती.

"नानानू, त्या चौघांच्या जबान्यांवर पण अशीच फुली मारलेली. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी."

"मारली असेल. तीच तर याची रीत."

"माका वाटलेला, सायेब हय झोपतत, पण लिवलेला घराकडे नेवन वाचतत."

मार्तंडरावांचं हसू हळूहळू ओसरलं. शेवंती खाली बसली आणि अंगठा दगडी पायरीवर घासू लागली. शाई जात नव्हती. तरी ती घासत राहिली.

"चौघांचा वाचून पण सायबान शिक्षा दिल्यान, म्हणजे कायतरी असतलाच, असा वाटला माका. म्हणान तुरुंगात जावन मीच तेंका इचारलंय, खरा सांगा, ट्यूब तुमीच ठेवलेली काय?"