फखरुद्दीनचाचांची नाडी

गालाच्या कॅन्सरने फखरुद्दीनचाचांची वाचा गेली होती. संगीतोपचार करणाऱ्या एका संस्थेतर्फे पूर्वी नावाची मुलगी आठवड्यातून दोनदा टेमघरला त्यांच्या घरी जाई, बासरीची कॅसेट लावी आणि त्यांचं मनगट धरून नाडी मोजत बसे. जखमेला वास येई. सून जुबैदा नाकाला ओढणी लावून दारातच उभी राही. पण अर्ध्या तासात चाचांचं कण्हणं थांबे, ठोके शंभरावरून ऐंशीवर येत. संगीताचा इतका स्वच्छ परिणाम तिच्या वहीत दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

आज तिने नाडी मोजायला बोटाला लावायचं नवं यंत्र आणलं होतं; मनगट धरायची गरज नव्हती. कॅसेट संपत आली तरी आकडा एकशे वीसच्या खाली येईना. चाचांचा मोकळा हात चादरीवर काहीतरी चाचपत राहिला.

"आवाज वाढवू का, भाभी?"

"कशाला, ताई? तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढली अब्बांनी. त्यांना कायपण ऐकू येत न्हाय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

जुबैदा दारातूनच म्हणाली, "बोलले असते, तर त्यांना हात कुणी लावला असता?"