दुर्पदाबाईंच्या नावावरची कामं

कामं बाकी आहेत म्हणून घराच्या यंत्राने दुर्पदाबाईंना बहिणीकडे जायची गाडी तिसऱ्यांदा नाकारली. शेवटी दुरुस्तीला कुलथे आले.

"आजी, 'राहू दे, मी करते' असं म्हणता का?"

"दिवसभर म्हणते, रागाने. तुमच्या यंत्राला राग कळत नाही होय?"

"त्याला होकार कळतो. ते काम तुमच्या यादीत चढतं आणि तुमच्या मनगटावरची पट्टी वाजते. आता म्हणा, मी करणार नाही."

चाळीस वर्षांत न उच्चारलेले शब्द दुर्पदाबाई थकल्या आवाजात एकदाचे बोलल्या. यादी कोरी झाली, गाडी मिळाली. तेवढ्यात स्वयंपाकघरात सुनेच्या मनगटावरची पट्टी वाजू लागली, ती थांबेचना.

दुर्पदाबाई चपला घालता घालता खालीच बसल्या. सोफ्यावर पसरलेल्या लेकाच्या मनगटावरच्या गप्प पट्टीकडे बोट दाखवत म्हणाल्या, "याची पट्टी बिघडलीय का हो?"

"नाही आजी. चांगली चालू आहे."