सहा तुकड्यांचा शब्द

"विश्वास बसायचा नाही तुझा, शरफुन्निसा," मी सौदीतल्या धाहरानहून बायकोला फोनवर सांगितलं. "डच साहेबाच्या पाटीवरचा मालगाडीएवढा शब्द अख्ख्या वर्कशॉपात मीच तेवढा वाचतो. मदरशात लावायचो तसे हिज्जे लावले, सहा तुकडे केले. फै-लिख-हैट्स-फोर-स्ख्रिफ-तन! म्हणजे सुरक्षेचे नियम. साहेब म्हणाला, वहाब, तुझ्याशिवाय इथलं पान हलत नाही."

"आणि तुमच्या हाताखाली शिकायला दिलेला तो सौदी, मुआज?"

"त्यालाही शिकवला. घशातला 'ख' तर त्याचा घरचाच. आता माझ्याहून साफ म्हणतो."

 

"मग तुमच्याशिवाय पान हलत नाही, असं खोटं कशाला बोलता? तुमची जागा त्याला देऊन तुम्हाला परतीचं तिकीट कधीचं दिलंय, ते सांगा."